शिट्टी २११.५ आणि कॅनव्हासचा डमी : मिरजेत दीड वर्ष वापरल्यावर

मी मिरजेत तंबोऱ्यांना जवारी लावतो, म्हणजे तार नीट झंकारावी म्हणून तिच्याखालची घोडी घासून बेतात आणतो. चाळीस वर्षं तेच काम. घोडीवर काणस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा काणस. कणभर जास्त घासलं गेलं की घोडी वाया. दिवसभर कानावर पोट चालतं, म्हणून कुत्र्याला शिकवायच्या एका प्लॅस्टिकच्या शिट्टीबद्दल मी एवढं सविस्तर लिहायला बसलोय.

चिंगी आमची पिवळी लॅब्राडोर, आता अडीच वर्षांची. नातवाच्या हट्टापायी घेतली. सहा महिन्यांत तिनं चपला, उशा, दोन काणशींच्या मुठी आणि सुनेच्या ओढणीचा निकाल लावला. बाहेर नेलं की खांदा निखळेल असं ओढायची. सोडलं की गेली. हाका मारून घसा बसायचा, ही मात्र शेजारच्या गल्लीत. आठ महिन्यांची असताना एका प्रशिक्षकाकडं महिनाभर राहायला ठेवली. अठरा हजार दिले. परत आली तेव्हा मी हात वर केला की अंग चोरून जमिनीला चिकटायची. गळ्याभोवती केस गेलेले होते, टोचऱ्या साखळीचे व्रण होते. ‘बस’ म्हटलं की बसायची, हे खरं. पण बसताना माझ्याकडं बघायची नाही. त्या माणसाचं नाव मी लिहिणार नाही, मात्र कुत्रं महिनाभर ठेवून घेतो आणि मधे भेटायला येऊ नका म्हणतो अशा कुणाकडंही आपलं जनावर देऊ नका, एवढं कळकळीनं सांगतो.

त्याच वर्षी, २०२३ च्या नोव्हेंबरात, पुतण्याकडं इंग्लंडला गेलो. तो यॉर्कशायरमध्ये नोकरीला आहे आणि हिवाळ्यात शनिवारी शिकारीत पक्षी उठवायला, हाकाऱ्याच्या कामाला जातो. दिवसाची थोडी मजुरी मिळते, रानात फिरणं होतं. मला म्हणाला, “काका, चला एकदा, तुम्हाला लॅब्राडोर कशासाठी जन्माला घातलाय ते बघायला मिळेल.”

तिकडं फेझंट या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. सकाळी सगळे एका आवारात जमले. बंदूकवाले आठ, त्यांच्या उभं राहायच्या जागा खुंट्या मारून ठरलेल्या. हाकारे वीसेक, हातात काठ्या, काठीच्या टोकाला खताची रिकामी पिशवी बांधलेली. ते रांगेत झाडीतून पिशव्या फडफडवत येतात, पक्षी उडतात, बंदूकवाल्यांच्या डोक्यावरून जातात. आणि बंदूकवाल्यांच्या मागं, बऱ्याच अंतरावर, कुत्री घेऊन काही माणसं उभी असतात. पडलेले पक्षी गोळा करायचं काम त्यांचं. मला पुतण्यानं त्यातल्याच एका बाईंपाशी उभं केलं. साठीच्या पुढच्या असतील, गुडघ्यापर्यंत बूट, सोबत दोन काळे लॅब्राडोर आणि एक स्पॅनिअल जातीचं लांब कानांचं कुत्रं.

पक्षी मारणं मला बघवलं नाही, ते मी पुतण्याला तिथंच सांगितलं. पण कुत्र्यांवरून नजर हटेना. पंधरा-वीस मिनिटं बंदुका वाजत होत्या. एक फेझंट तर त्या काळ्या कुत्रीपासून चार हातांवर येऊन आदळला, पंख फडफडले, मग शांत. कुत्रीनं मान वळवून बघितलं. बस. गळ्यात पट्टा नाही, दोरी नाही, बाई एक शब्द बोलल्या नाहीत. शिंग वाजलं, बंदुका थांबल्या, तेव्हा बाईंनी जवळचा पक्षी तसाच ठेवला आणि कुत्रीला लांबच्या कुंपणाकडं सोडलं. तिकडं एक जखमी पक्षी पळत गेला होता. आधी जखमी, मग मेलेले, हा त्यांचा नेम. छर्रा लागलेला पक्षी झुडपात तडफडत राहू नये, यासाठीच कुत्रं लागतं, असं बाई म्हणाल्या. कुत्री कुंपणापाशी पोचली आणि उजवीकडं भरकटली. बाईंनी शिट्टीचा एक लांब सूर काढला. दीडशे पावलांवरून कुत्री गर्रकन वळून बसली आणि बाईंच्या तोंडाकडं बघायला लागली. बाईंनी डावा हात आडवा केला. ती डावीकडं गेली, झुडपात घुसली आणि जिवंत पक्षी तोंडात धरून आणला. पिसंसुद्धा विस्कटली नव्हती.

माझे डोळे भरून आले होते. दीडशे पावलांवर ते जनावर बाईंकडं बघत होतं आणि त्या बघण्यात भीती नव्हती. चिंगी तर माझ्या पायाशी बसून माझ्याकडं बघत नव्हती.

बाईंच्या गळ्यातली ती शिट्टी म्हणजे अ‍ॅक्मेची २११.५. दुसऱ्याच दिवशी पुतण्याला घेऊन दुकानात गेलो. एक शिट्टी, आणि कुत्र्याला आणायला शिकवण्यासाठी फेकायच्या भरीव पिशव्या, म्हणजे डमी, दोन घेतले, एक अर्धा पौंड वजनाचा, एक पौंडभर वजनाचा. किंमत तेव्हा शिट्टीची सात पौंडांच्या आसपास होती, डमी त्याहून थोडे महाग. आता दीड वर्ष रोज वापरतोय.

आधी शिट्टी. करंगळीएवढी, चपट्या तोंडाची, माझी नारिंगी रंगाची आहे, गवतात पडली तर दिसावी म्हणून. बर्मिंगहॅमच्या जे. हडसन कंपनीची, अ‍ॅक्मे हा त्यांचाच छाप. कंपनी १८७० सालची. फुटबॉलच्या पंचांची थंडरर याच घरातली. थंडररमध्ये आत गोळी फिरते, म्हणून तिचा आवाज थरथरतो. हिच्यात गोळी नाही. सरळ, सपाट, टोकदार सूर. पेटीच्या शेवटच्या पट्टीच्याही बराच वर. तिकडं साधारण रिवाज असा की स्पॅनिअलवाले २१०.५ वापरतात आणि लॅब्राडोरवाले २११.५. कुत्र्याला आकडा कळत नाही, पण एकाच रानात दोन्ही जातींची कुत्री असतील तर एकाची शिट्टी दुसऱ्यानं ऐकू नये, हा त्यातला फायदा.

मला जे सांगायचंय ते त्या आकड्याबद्दलच. आमच्या कामात दोन तंबोरे कधी सारखे निघत नाहीत. भोपळा वेगळा, लाकूड वेगळं, हात वेगळा. गवई चार तंबोरे ऐकतो आणि पाचवा उचलतो. त्या वेगळेपणावरच आमची रोजीरोटी आहे. इथं नेमकं उलट. २११.५ हा आकडा असलेली शिट्टी कुठंही घ्या, सूर तोच. दुकानात मी चार शिट्ट्या वाजवून बघितल्या. दुकानदार जरा बघायला लागला, पण मला खात्री करायची होती. चारीत केसाचाही फरक नाही. म्हणजे ही शिट्टी उद्या नदीत पडली तरी कुत्र्याचं शिक्षण बुडत नाही. दुसरी घ्यायची आणि पुढं चालू. माणसाच्या हाकेचं तसं नाही. मी रागात ‘चिंगी’ म्हणतो ते वेगळं, दमून म्हणतो ते वेगळं, नातू म्हणतो ते तिसरंच. रागाची हाक ऐकून कुठलं जनावर परत येईल? शिट्टीत राग उतरत नाही. माझ्या मते सात पौंड त्याचेच आहेत.

एक मात्र खरं, फुंकर बदलली की थोडा फरक पडतोच. जोरात फुंकलं तर सूर किंचित चढतो. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकसारखं फुंकायला शिकलं पाहिजे. आम्ही तीन खुणा ठरवल्या. एक लांब सूर म्हणजे जिथं असशील तिथं बस. जिभेनं तोडून तू-तू-तू-तू म्हणजे माघारी ये. दोन तुकडे म्हणजे वळ. सगळ्यात स्वच्छ वाजवते आमची सून. माझा लांब सूर शेवटी खाली घसरतो, वय झालं, दम पुरत नाही.

घरात मात्र वाजवू नका. बंद खोलीत कान किटतात, तान्हं मूल असेल तर अजिबात नको. पहाटे मैदानावर वाजवली तरी पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकू दारात आल्या होत्या. त्यांना चिंगीचं बसणं दाखवलं तेव्हापासून काही बोलत नाहीत. शिट्टीबरोबर गळ्यातली दोरी मिळत नाही. मी तंबोऱ्याच्या खोळीची जुनी नाडी ओवली आहे. दीड वर्षात तोंडाच्या टोकाला दातांचे ओरखडे पडलेत, आवाजात फरक नाही.

आता खोट्या शिट्टीचं. सुनेसाठी दुसरी हवी होती, म्हणून मोबाइलवरून एका विक्रेत्याकडून मागवली. पाकिटावर तोच आकडा, तोच रंग. हातात घेतली तेव्हा तोंडापाशी साच्याची रेघ नखाला लागली. फुंकली तर सूर जवळपास स्वराएवढा खाली, आणि सुरासोबत फुस्स असा वारा. म्हटलं माझ्या कानाचं सोडा, जिला ऐकायची तिला विचारू. चिंगी अंगणात लांब उभी होती, लांब सूर दिला. कान हलले, डोकं तिरकं केलं, उभीच राहिली. खिशातून खरी काढून वाजवली, बसली. पुन्हा खोटी, पुन्हा उभी. पैसे परत मिळाले, आठ दिवस भांडून. दुसरी पुतण्यानं येताना आणली. ऑनलाइन घेणार असाल तर आल्या आल्या साच्याची रेघ आणि वारा तपासा.

मिरजेत कुत्रा आणि सूर म्हटलं की जुनी माणसं अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कुत्र्याची गोष्ट काढतात. टिपू त्याचं नाव, खाँसाहेबांच्या सुरात सूर मिळवायचा म्हणतात. मी लहानपणी ही गोष्ट आमच्या उस्तादांकडून ऐकली, दर्ग्याच्या उरुसात, रात्री गाणं ऐकत बसलो असताना. तेव्हा ती नुसती नवलाची वाटायची. आता वाटतं, खाँसाहेबांनी त्या जनावरासाठी किती वेळ दिला असेल.

वेळ हाच मुद्दा आहे. शिट्टी घेतली आणि कुत्रा शिकला असं होत नाही. आम्ही पहिले दोन महिने डमी फेकलाच नाही. ही गोष्ट मला त्या बाईंनी दोनदा बजावून सांगितली होती. लॅब्राडोरला आणायला शिकवावं लागत नाही, ते त्याच्या रक्तात आहे. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर जाळी ओढणाऱ्या, पाण्यातून मासे आणणाऱ्या कुत्र्यांची ही औलाद. त्यांना ब्रिटनमधल्या जमीनदारांनी आणून शिकारीच्या कामाला लावलं आणि १९०३ साली तिथल्या केनेल क्लबनं जात म्हणून मान्यता दिली. शिकवावं लागतं ते न आणणं. डमी समोर पडलाय आणि तरी बसून राहायचं. आपल्याकडं सगळे चेंडू फेकत सुटतात, दिवसाला पन्नास वेळा, आणि कुत्रं वेडंपिसं होतं. मीही तेच केलं होतं.

रोज पहाटे साडेपाचला बाहेर पडायचो. आठनंतर मिरजेचं ऊन लॅब्राडोरला सोसत नाही, अंगावर केसांचा दुहेरी थर असतो. पहिल्यांदा पायाजवळ बसवून लांब सूर आणि हातात शेंगदाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा. मग चालता चालता सूर. मग ती चार पावलं पुढं असताना. एकदाही ओढलं नाही, एकदाही ओरडलो नाही. टोचऱ्या साखळीच्या आठवणीनं ती पहिले पंधरा दिवस सूर ऐकून अंग चोरायची. मी जमिनीवर मांडी घालून बसायचो आणि ती आपण होऊन जवळ येईपर्यंत थांबायचो. कधी अर्धा तास. बायकोनं एकदा गच्चीवरून बघितलं आणि म्हणाली, “अहो, तंबोरा लावताना बसता तसे बसलाय.” तसंच होतं ते. तार बळं ओढून सुरात येत नाही, तुटते.

मग डमी. हिरव्या कॅनव्हासची पिशवी, लोडासारखी, आत भरीव, एका टोकाला दोरी आणि दोरीला लाकडी गुल्ली, ती धरून गोल फिरवून फेकायचा. एक पौंडाचा म्हणजे साडेचारशे ग्रॅमचा. पिल्लाला अर्ध्या पौंडाचाच द्या. चेंडूपेक्षा डमी का, तर आडवा धरावा लागतो, मधोमध, आणि वजन पेलायला तोंड उघडं पण हलकं ठेवावं लागतं. शिकारीच्या रानात पक्षी चिरडला तर खायला कामाचा नाही आणि जखमी असेल तर कुत्र्यानंच मारला असं होतं. म्हणून तोंड हलकं. चिंगीचं तोंड हलकं आहे की नाही ते डमीच्या कापडावर दिसतं, दीड वर्षात दातांचं एक भोक नाही, नुसती लाळेची ठिगळं.

दहा वेळा फेकला तर पाच वेळा मी चालत जाऊन स्वतः उचलून आणायचो आणि ती बसून बघायची. बघणाऱ्यांना वाटायचं म्हातारा कुत्र्याला शिकवतोय की कुत्रा म्हाताऱ्याला. पण त्यातूनच ती माझ्याकडं बघायला लागली. सूर आला की आधी तोंडाकडं बघायचं, काय म्हणतोय म्हणून. डमी खेळणं नाही, हे घरात सगळ्यांना पक्कं सांगून ठेवा. काम झालं की खुंटीवर. नातवानं एकदा सोफ्यावर ठेवला आणि संध्याकाळी दोरीची गुल्ली गायब. चूक चिंगीची नव्हती.

इथं कुणी विचारेल, की शिकार तर आपल्याकडं बंद आहे, मग हा उद्योग कशाला? बंद आहे आणि बंदच असावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसती बंदूक नाही, जनावराला पकडणं, हाकणं, पाठलाग करणंही त्यातच येतं. तुमचं कुत्रं सशामागं किंवा तित्तरामागं सोडलंत तर तो गुन्हा आहे. ‘कुत्रा आपोआप गेला’ हे कारण आपण स्वतःला देतो, रानातल्या पक्ष्याला त्याचं काय? माझ्या मते आपल्याकडं म्हणूनच हे शिक्षण जास्त लागतं. तिकडं कुत्र्याला थांबायला शिकवतात ते शिकार नीट व्हावी म्हणून, इकडं शिकवायचं ते शिकार होऊच नये म्हणून. शिट्टी तीच.

गेल्या जानेवारीतली सकाळ सांगतो. म्हैसाळच्या बाजूला मित्राचा ऊस तुटून गेलेला, रानात पाचट पसरलेलं. मी डमी आधीच लपवून आलो होतो आणि चिंगीला नुसत्या हाताच्या खुणेवर शोधायला पाठवलं होतं. साठेक पावलं गेली असेल. बांधाच्या कडेच्या घाणेरीतून फडफड करत तित्तरांचा थवा उठला, सहा-सात असतील, तिच्या नाकासमोरून. ती उडालीच. मागचे पाय पाचटात, पुढचे हवेत. माझ्या तोंडात शिट्टी होती की हातात, आठवत नाही. लांब सूर दिला, दम संपेपर्यंत. चिंगीनं मागचा भाग जमिनीला लावला तो घसरतच, पाचटाचा ढीग पुढं ढकलत, आणि बसली. तित्तर पलीकडच्या बांधावर उतरले. ती त्यांच्याकडं बघत नव्हती. मान पूर्ण मागं वळवून माझ्याकडं बघत होती, जीभ बाहेर, अंगभर थरथर. मी हाक मारली नाही. चालत गेलो ती साठ पावलं. जवळ बसलो, छातीवर हात ठेवला. काळीज असं उडत होतं की तळहाताला मोजता येत होतं. मग तिनं डोकं माझ्या काखेत घातलं. टोचरी साखळी घातलेलं तेच डोकं.

त्या दिवशी डमी मीच शोधून आणला.

जतकडच्या एका मित्राकडं कारवानी आहे, फार देखणं जनावर, वाऱ्यासारखं पळतं. त्यानं माझ्याकडून शिट्टी नेली, पंधरा दिवस घासली आणि परत आणून दिली. कारवानी आणि मुधोळ ही नजरेनं शिकार करणारी कुत्री. लांबवर हललेलं दिसलं की स्वतःच ठरवून सुटायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडून करून घेतलंय. सुटल्यावर माणसाकडं वळून बघणं त्यांच्या कामातच नव्हतं. त्यांना जवळ बोलवायला शिट्टी चालेल, भरधाव सुटल्यावर बसवायला मला तरी शक्य वाटत नाही. अशा कुत्र्याला मोकळ्या रानात दोरीशिवाय सोडू नका. ही शिट्टी त्याच्यासाठी घेऊन पैसे घालवू नका.

पाण्यातल्या कामाबद्दल जरा सावध करतो. लॅब्राडोरला पाणी म्हणजे जीव की प्राण, आणि आपल्या दाराशी कृष्णा. पण सांगलीच्या वरच्या अंगाला, औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, माणसांवर हल्ले झालेत. मी चिंगीला नदीत कधीच सोडत नाही. दुसरा धोका शेततळ्याचा. बागायतदार मित्र म्हणतात, आमच्या तळ्यात टाका की. त्या तळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो, उतार निसरडा, ओलं कुत्रं वर येऊच शकत नाही, नखं घसरतात आणि दमून बुडतं. कालव्याच्या सिमेंटच्या भिंतींचं तेच. आम्ही एका ओळखीच्या गावच्या पाझर तलावावर जातो, मातीचा सपाट काठ, कमरेएवढं पाणी. हिवाळ्यात तिथं पाहुणे पक्षी उतरतात, तेव्हा जात नाही. मार्च ते मे, तेवढंच.

पाण्यातच डमीचा दोष लक्षात आला. नवा असताना छान तरंगतो. वर्षभरानं आतलं भरण पाणी धरायला लागलं, साडेचारशेचा डमी बाहेर येतो तेव्हा सातशेचा. काट्यावर ठेवून बघितलाय. वाळायला दोन दिवस आणि पावसाळ्यात बुरशीचा वास. शिवण तोंडापाशी उसवली. तिकडच्या दुकानात नवा मिळतो, इथून मागवायचा तर येणावळ डमीपेक्षा जास्त.

मग इथंच करून घेतला. ताडपत्र्या शिवणाऱ्याकडं ट्रकच्या हूडचं जाड कापड असतं. त्याला जुना डमी उसवून नमुना दाखवला. पहिल्यात मी कारखान्यातला लाकडाचा भुसा भरला. दोन बुडीत दगड झाला. दुसऱ्यात काथ्या, तो तरंगला पण आकार राहीना, मधेच वाकायचा. मग एक दिवस काम करताना समोरच पडलेलं दिसलं. आमच्याकडं मंगळवेढ्याकडून भोपळे येतात, तंबोऱ्याचा तुंबा करताना कापून उरलेले तुकडे रोज झाडून टाकतो. लहानपणी पाठीला सुका भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकलो आम्ही, तो बुडत नाही हे मला आणखी कुणी सांगायला हवं होतं का? तुकडे बारीक केले, सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये भरले, दोन्ही तोंडं सोल्यूशननं बंद केली, भोवती फडकं गुंडाळून वजन पुरं केलं आणि वरून कापड. तीन महिने झाले, तलावात रोज. बाहेर काढल्यावर ओल्या कापडाचं वजन तेवढं वाढतं. चिंगी दोन्ही डमी समोर ठेवले तर हाच उचलते, कदाचित माझ्या कारखान्याचा वास येत असेल.

तेव्हा माझं मत असं. शिट्टी अस्सल घ्या, परदेशातून कुणी येणार असेल त्याच्याकडून मागवा, दोन मागवा. पाचपैकी पाच. तिकडचा डमी कोरड्या रानात उत्तम, पाण्यात वर्षभराचा सोबती, त्याला तीन. येणावळ भरून मागवण्यासारखा नाही. रानातून आल्यावर कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात कुसळं आणि कानात गोचीड बघायचं मात्र विसरू नका, हे शिट्टीच्या पाकिटावर लिहिलेलं नसतं.

ताडपत्रीवाल्यानं शिलाईचे आणि कापडाचे मिळून दीडशे घेतले. त्याच्या वहीत माप लिहून ठेवलंय, कुणालाही शिवून घेता येईल असं देतो: लांबी बारा इंच, घेर साडेआठ इंच, भरून वजन साडेचारशे ग्रॅम, शिवण दुहेरी, तोंडापाशी तिहेरी, दोरी सुती, वीतभर, गाठ आतून.